जात्यापाशी माईक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या गावाच्या नावातच कंस आहे. आंजी (मोठी). वर्ध्याहून आर्वीकडे निघालं की वाटेत हे गाव लागतं. सातबाऱ्यावर कंस, मतदार यादीत कंस, लग्नपत्रिकेतही कंस. शाळेत गुरुजी सांगायचे, कंसातला मजकूर हळू आवाजात वाचायचा असतो. तेव्हापासून मला वाटत आलंय, की आमच्या गावाचं मोठेपण हळूच सांगायची गोष्ट आहे. आज ज्या आवाजाबद्दल बोलणार आहे, तोही असाच कंसातला.

माझी खाला जात्यावर गायची. घरात आम्ही दखनी वळणाची उर्दू बोलतो आणि अंगणाबाहेर पाऊल टाकलं की वऱ्हाडी. पण जात्याचा खुंटा हातात आला की खालाची भाषा घरातही वऱ्हाडी व्हायची. तिच्या ओव्यांत भाऊ होता, माहेरची वाट होती, पंढरीचा विठ्ठल होता आणि नागपूरचे ताजुद्दीन बाबाही होते. हे सगळे एका जात्याभोवती कसे जमले, असा प्रश्न तिला कधी पडला नाही. मला मात्र हा प्रश्न लोक आयुष्यभर विचारत आलेत. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. पुढच्या काळात मीही अशा व्यासपीठांवर कविता वाचू लागलो. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी कौतुकानं विचारतोच, ‘तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?’ या प्रश्नाचं माझ्याकडे एकच उत्तर आहे, ते म्हणजे खालाच्या ओव्या. तो पुरावा माझ्याजवळ आहे, पण अर्धा दगडाखाली गेलाय. तो कसा गेला, ते आधी सांगतो.

२००९ साली मी एक खिशात मावणारा रेकॉर्डर विकत घेतला. कंपनी कोणती हे महत्त्वाचं नाही. साहेब लोक मजकूर सांगायला वापरतात, तसलं ते यंत्र होतं. पहाटे खाला दळायला बसली. मी यंत्र जात्याशेजारी पाटावर ठेवलं, बटण दाबलं आणि कृतकृत्य होऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. बावीस मिनिटं ती गायली. नंतर ऐकलं तर सगळी घरघर. खाला श्वास घ्यायला थांबली की यंत्र आपोआप आवाज वाढवायचं. मग मागचा कोंबडा, बाहेरून जाणारी एसटी आणि माझा खोकला, सगळं स्पष्ट. ती पुन्हा गाऊ लागली की दगड पुढे आणि खाला मागे. म्हटलं, पुन्हा करू. पुढच्या वर्षी रमजानच्या आधी ती गेली. त्या बावीस मिनिटांत जेमतेम अकरा ओव्या कळतात. त्यातल्याही चारींचा शेवट पाळूखाली गेला आहे.

मी बीए झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. यंत्राचं मला काही कळत नव्हतं. नागपूरला रेडिओतून निवृत्त झालेले एक इंजिनिअर ओळखीचे होते, त्यांच्याकडे हे दुखणं घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, ‘माईक कोणता होता?’ मी म्हटलं, ‘मशीनमध्येच होता.’ ते म्हणाले, ‘म्हणजे माईक नव्हता.’

या वाक्यानं मी आधी चिडलो. मग वाचत गेलो, विचारत गेलो. आवाज साठवण्याच्या यंत्राचा इतिहास म्हणजे यंत्र लहान होत गेल्याचा इतिहास, असं आपण समजतो. मला तो वेगळाच दिसू लागला. गाणाऱ्यानं यंत्रापाशी जायचं, की यंत्रानं गाणाऱ्यापाशी यायचं, याचा तो इतिहास आहे.

१९०२ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला उतरला आणि हॉटेलच्या खोलीत त्यानं यंत्र मांडलं. विजेचा माईक तेव्हा या कामात आलाच नव्हता. होता एक मोठा कर्णा. गाणाऱ्यानं त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन दणदणीत आवाजात गायचं. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला एक पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर चर कोरायची. त्याच नोव्हेंबरात गौहरजाननं या कर्ण्यात गायलं. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवायचा आणि शेवटी आपलं नाव इंग्रजीत पुकारायचं. तबकड्या दाबल्या जायच्या तिकडे जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना कळावं की ही तबकडी कुणाची, म्हणून ते नाव. आपण आज त्याला ऐट समजतो. मुळात ती पार्सलावरची चिठ्ठी होती.

त्या खोलीत कोण जाऊ शकत होतं? नावाजलेल्या गायिका, उस्ताद, नाटकातले नट. त्यांचा आवाज राहिला हे आपलं भाग्यच. पण पहाटे चारला दळण घेऊन बसणारी बाई काही जातं डोक्यावर घेऊन कलकत्त्याला जाणार नव्हती.

त्याच सुमारास जॉर्ज ग्रिअर्सन या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी चालू होती. तिचा सातवा खंड मराठीचा, १९०५ साली छापला गेला. आमची वऱ्हाडी आणि नागपुरी बोलीही त्यात आहे. पुढे सरकारनं अनेक बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या करवून घेतल्या. गोष्ट बहुधा ठरलेली असायची, बायबलमधल्या उधळ्या मुलाची. सांगणारा माणूसही शोधून यंत्रासमोर आणलेला. भाषेच्या अभ्यासाला ते ठीकच. पण आपली गोष्ट सोडून दुसऱ्याची गोष्ट सांगायला बसवलं, की माणसाचा आवाज जरा इस्त्री केल्यासारखा होतो.

१९२५ च्या सुमाराला पश्चिमेत विजेच्या माईकवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि ओरडायची गरज संपली. हळू बोलणाऱ्या माणसालाही तबकडीवर जागा झाली. गांधीजी ऑक्टोबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला असताना कोलंबिया कंपनीनं त्यांचं ध्वनिमुद्रण केलं. राजकारणावर बोलायचं नाही असं म्हणून त्यांनी ईश्वरावरचा आपला जुना लेख वाचला. त्यांचा तो सपाट, थकलेला, कुठेही न चढणारा आवाज कर्ण्याच्या काळात टिकला असता का, मला शंका आहे. पुढे ते आमच्या जिल्ह्यात सेवाग्रामला राहायला आले. आंजीहून सेवाग्राम काही फार लांब नाही. बापूंचा आवाज आपण आज हवा तेव्हा ऐकतो. कस्तुरबांचा आवाज तुमच्यापैकी कुणाच्या कानात आहे?

यंत्र पोचलं नाही तिथे हात पोचले, हेही खरं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते बोलता बोलता उतरवून घेतलं. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या बोटांचं आहे. याच साने गुरुजींनी पुढे बायकांच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ तयार केलं. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी ऐकून टिपून ठेवलं म्हणून ती आपल्याला मिळाली. आणखी मागे जायचं तर विजापूरच्या सूफींनी सतराव्या शतकात दखनीत ‘चक्कीनामे’ रचले. बायकांनी जात्यावर दळताना म्हणायचं सूफी काव्य, असा त्यांचा प्रकार. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात त्यांची दखल घेतली, तेव्हा अनेकांचं तिकडे लक्ष गेलं. माझ्या खालाला विजापूर ठाऊक नव्हतं. पण जात्यावर अल्लाचं नाव आणि घरचं दुखणं एकाच सुरात म्हणायची रीत तिच्यापर्यंत पोचली होती. हे कागदावरून कळतं. कळत नाही ते एवढंच, की हे चक्कीनामे कोणत्या चालीवर म्हणायचे. ओवीचे शब्द कागदावर उतरतात. पाळू जड झाल्यावर लांबलेला स्वर आणि मूठभर जवारी घालताना मध्येच तुटलेली ओळ उतरत नाही.

मग यंत्र चालू लागलं. पोलंडमध्ये जन्मलेल्या स्टीफन कुडेल्स्कीनं १९५१ साली स्वित्झर्लंडमध्ये खांद्यावर नेता येईल असा टेपरेकॉर्डर बनवला. नाव ठेवलं ‘नाग्रा’. पोलिश भाषेत त्याचा अर्थ ‘तो ध्वनिमुद्रित करील’ असा होतो. बारा मोठे सेल खाणारा नाग्रा पुढे सिनेमावाल्यांचा लाडका झाला. १९६१ पासून जर्मनीचा ‘उहेर रिपोर्ट’ आला आणि जगभरच्या रेडिओ वार्ताहरांच्या खांद्यावर लटकू लागला. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ चं. यंत्र खांद्यावर आलं आणि केंद्राबाहेर पडून शेतात, जत्रेत, गोठ्यात जाऊन बोलणं टिपता येईल अशी सोय रेडिओला झाली.

या दोन यंत्रांबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्यांच्या पेटीत माईक नव्हताच. माईक वेगळा घ्यायचा आणि तारेनं जोडायचा. यंत्र बैलगाडीत राहू द्या, माईक माणसाच्या तोंडाशी गेला पाहिजे, ही त्यांची रीत. १९६३ साली फिलिप्सनं कॅसेट आणली तेव्हाही पहिल्या यंत्राबरोबर माईक वेगळाच येत होता. मात्र त्याच्या आदल्या वर्षी, १९६२ मध्ये, अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये जेम्स वेस्ट आणि गेऱ्हार्ड सेसलर यांनी इलेक्ट्रेट माईक बनवला होता. हा माईक पुढे इतका लहान आणि स्वस्त झाला, की तो सरळ पेटीतच बसवून टाकता आला. सोय झाली. तार नको, जोडणी नको. घराघरात टेप आला. आणि माईक गाणाऱ्याच्या तोंडापासून उठून यंत्राच्या पोटात जाऊन बसला.

आमच्या घरी १९८३ साली मामू कुवेतहून आले तेव्हा असला एक टेप आला. गावात तो पाहायला रांग लागली होती. त्यावर आम्ही कव्वाल्या ऐकल्या, भावाच्या निकाहाची गडबड भरून ठेवली, धाकटीचे बोबडे बोल भरले. त्याच्या कडेला दोन भोकं होती आणि एकावर इंग्रजीत ‘माईक’ असं कोरलेलं होतं. त्यात आम्ही कधी काही घातलं नाही. एका पावसाळ्यात झुरळ शिरलं होतं, तेवढंच. पाचवीपासून इंग्रजी शिकलेली आम्ही चार भावंडं, पण त्या अक्षरांचा अर्थ एकाच्याही डोक्यात शिरला नाही.

तिकडे पुण्यात मात्र काही माणसांच्या हे ध्यानात आलं होतं, की यंत्र जात्यापाशी न्यायला हवं. गी पॉइतवाँ आणि हेमा राइरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचा जो उद्योग मांडला, त्याला तोड नाही. एक हजाराहून अधिक गावं आणि एक लाखाहून अधिक ओव्या. आधी त्या कागदावर उतरवल्या गेल्या. मग १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच अभियंता-संशोधक त्यांना येऊन मिळाले आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. पॉइतवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं या ओव्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट, फोटोसकट लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली. मुळशी-मावळाकडच्या बाया तिथे गाताना ऐकल्या आणि मला आनंद झाला, आणि खरं सांगतो, थोडा मत्सरही वाटला. त्यांच्या ओवीचा शेवटचा शब्द ऐकू येत होता.

आता माझ्या खरेदीकडे येतो. इंजिनिअर साहेबांचं म्हणणं होतं, ‘आधी कुणाचा आवाज घ्यायचाय ते ठरवा, मग माईक, आणि त्या माईकला चालेल ते मशीन.’ आपण नेमके उलट जातो. दुकानात मशीन आवडतं, मग त्याला काहीतरी जोडतो.

त्यांनी वहीच्या पानावर एक हिशेब करून दाखवला. तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं, की माईकला मिळणारा आवाज साधारण सहा डेसिबलनं वाढतो. चार फुटांवरचा माईक सहा इंचांवर आणला म्हणजे अंतर तीनदा निम्मं झालं. अठरा डेसिबल, म्हणजे ध्वनीचा दाब आठपट. जातं तिथेच आहे, त्याची घरघर तेवढीच आहे, पण बाईचा आवाज आठपट. हे काम कोणतंही महागडं यंत्र लांब बसून करू शकत नाही. माझी बावीस मिनिटं कुठे हरवली ते त्या पानावर दिसलं. मी तो कागद जपून ठेवलाय.

दुसरा मुद्दा विजेचा. माईक ढोबळमानानं दोन जातींचे. एक डायनॅमिक, त्याला वीज लागत नाही, तो दणकट असतो, पडला तरी बहुधा चालतो. पण त्याच्यातून येणारा संकेत बारीक असतो. तो मोठा करताना स्वस्त यंत्र स्वतःचाच ‘सूंऽऽ’ असा आवाज त्यात मिसळतं. दुसरा कंडेन्सर, तो बारकावे छान टिपतो, पण त्याला यंत्राकडून वीज द्यावी लागते, ४८ व्होल्ट. हा आकडा कुठून आला त्याची कथा मजेशीर आहे. १९६६ साली जर्मनीच्या नॉयमन कंपनीनं नॉर्वेच्या नभोवाणीसाठी नवे माईक बनवले. नॉर्वेत हिवाळ्यात दिवस अगदी लहान, म्हणून त्यांच्या स्टुडिओत जादा दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच केलेली होती. तीच माईकला दिली आणि तोच आकडा जगाचा झाला. आमच्याकडे भारनियमनात दिवे गेले की पहिली आठवण मला नॉर्वेच्या त्या दिव्यांची येते. सांगायचा मुद्दा, साध्या पेन्सिल सेलवर चालणारं आणि तरी हे ४८ व्होल्ट देणारं यंत्र पाहिजे होतं. कंडेन्सर जोडला की सेल लवकर संपतात, तेव्हा खिशात जादा सेल हवेतच.

तिसरा मुद्दा तारेचा. लहान यंत्रांना हेडफोनसारखं बारीक भोक असतं. चार हात तारेपर्यंत ते ठीक. पण तार लांब झाली की ट्यूबलाइटची गुणगुण आत येते. मोठ्या तीन पिनांच्या जोडणीत, जिला एक्सएलआर म्हणतात, एकच आवाज दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो. वाटेत घुसलेली गुणगुण मात्र दोन्हींत सारखीच असते, ती शेवटी वजा होते. पूर्वी असल्या जोडणीचं यंत्र म्हणजे खांदा दुखवणारं ओझं. २००६ साली जपानच्या झूम कंपनीचं एच-४ आलं आणि असली दोन भोकं आणि ४८ व्होल्ट एका हातात मावले. माझ्यासारख्या माणसापुरता तो इतिहासातला मोठा दिवस. तिच्या पुढच्या यंत्रांपैकी एच-५ हे २०१४ सालचं. त्याचा स्वतःचा ‘सूंऽऽ’ कमी असल्याचं जाणकार सांगत होते, आणि आवाजाची पातळी हातानं कमीजास्त करायच्या दोन फिरक्या वरच होत्या. ‘आपोआप’ या शब्दानं मला एकदा लुटलं होतं, त्यामुळे फिरकी बघूनच मी भाळलो. २०१६ साली ते घेतलं. दिवाळी अंकांच्या मानधनात ते बसणार नव्हतं. बायकोनं भिशीचे पैसे दिले.

हल्ली यंत्रं याच्याही पुढे गेली. २०१९ नंतर अशीही छोटी यंत्रं आली, ज्यांत पातळी आधी बरोबर लावली नाही तरी नंतर आवाज फाटलेला निघत नाही. नवा घेणाऱ्यानं ती जरूर बघावीत. पण लांब ठेवलेला माईक त्यांनाही जवळ आणता येत नाही.

एक इशारा देतो. ध्वनिमुद्रण साध्या वेव्ह फाइलमध्ये ठेवा. दोन वाटांचं तासभराचं काम साधारण एक जीबीत मावतं. एमपी-३ मध्ये जागा वाचते, पण जे फेकलं जातं ते परत येत नाही. १९८७ साली डॅट आलं, १९९२ साली मिनिडिस्क. दोन्ही त्या काळचे राजे. आज ती फीत, ती चकती वाजवायचं चालू यंत्र शोधत हिंडावं लागतं. माझी एक प्रत घरी, एक मुलीकडे पुण्याला.

२०१७ च्या हिवाळ्यात मी शेजारच्या काकूंकडे गेलो. वय ऐंशीच्या घरात. खालाच्या त्या दळणसोबती. दोघींनी एकाच जात्यावर समोरासमोर बसून वर्षानुवर्षं दळलेलं. गिरणी आली तसं जातं कोपऱ्यात गेलं आणि हळदीच्या दिवशी तेवढं पूजेला निघू लागलं. मी म्हटलं, ‘काकू, जातं राहू द्या, नुसत्याच म्हणा. आवाज साफ येईल.’

काकू म्हणाल्या, ‘जात्याबिगर ओवी येत नाई रे बापू. हात फिरला का तोंडात येते थे.’

एवढ्यानं माझा सगळा बेत बदलला. शांत खोलीत ओवी गायला लावणं म्हणजे पुन्हा तिला त्या कलकत्त्याच्या हॉटेलात नेणं. मग जातं काढलं, धुतलं, मांडलं. पहिल्यांदा मी कॉलरचा छोटा माईक पदराला लावून पाहिला. काकू मागेपुढे झुलल्या की पदर घासायचा आणि गळ्यातली पोत त्याच्यावर आपटायची. तो काढला. माझी खटपट बघत काकूंनी विचारलं, ‘तुह्या मशीनले कान किती हायेत?’

‘दोन.’

‘मंग एक जात्याले दे, एक मले.’

नागपूरच्या इंजिनिअर साहेबांनी जे मला दोन भेटींत समजावलं, ते काकूंनी एका वाक्यात सांगितलं. आड्याला बांबू बांधून त्यावरून एक कंडेन्सर माईक त्यांच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर लोंबता सोडला. हा माईक समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं फारसं ऐकत नाही. म्हणून त्याची पाठ जात्याकडे केली. जात्याजवळ जमिनीवर दणकट डायनॅमिक ठेवला, पिठाची धूळ बसू नये म्हणून मलमलीत गुंडाळून. दोन्हींच्या वाटा यंत्रात वेगळ्या, म्हणजे घरी बसून दगड हवा तेवढा कमी करता येतो. अगदी काढून टाकायचा नाही. घरघर हाच त्या ओवीचा ताल आहे. ती काढली की बाई उगाच थांबत-थांबत गातेय असं वाटतं. मी एकदा काढून पाहिलं आणि मलाच कसंतरी झालं. पाळू रिकामी फिरली की आवाज एकदम चढतो, तेवढं लक्षात ठेवून फिरकी आधीच जरा उतरवून ठेवली आणि कान झाकणारे हेडफोन लावून या वेळी शेवटपर्यंत तिथेच बसलो. ओट्यावर गेलो नाही.

चाळीस मिनिटं झाली. काकूंना हेडफोन लावून ऐकवलं. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘हा तं माह्या मायचा आवाज हाये.’

तेव्हा मी २००९ ची ती बावीस मिनिटं काढली. मला धीर होत नव्हता, कारण ते माझ्या चुकीचं प्रदर्शनच. त्यांनी ऐकलं. दगडाच्या घरघरीतून मला जे कधी ऐकू आलं नव्हतं, त्यातलं बरंचसं त्यांना येत होतं. त्यांचे ओठ हलत होते. पहिली तुटलेली ओवी आली, खालाचा आवाज पाळूखाली गेला आणि काकूंनी हात जात्यावर ठेवून शेवटचा चरण पुरा केला. घाईघाईनं मी बटण दाबलं. मग दुसरी झाली. तिसरीला त्या जरा अडखळल्या, एक फेरा तसाच जाऊ दिला आणि मग त्यांना ती सापडली. चौथी मी तीन वेळा ऐकवली. काकूंनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

‘ही नाई येत मले,’ त्या म्हणाल्या. ‘ही तिची सोताची व्हती. मी नसलो का म्हणे थे.’